रोटरी टूलचं करवतीचं डोकं आणि २५ मिलिमीटरची थाप

रील बघताना मध्येच एक जाहिरात येते. हातात मावेल एवढं रोटरी टूल, म्हणजे घासायला-कोरायला वापरतात ते वेगाने फिरणाऱ्या दांडीचं छोटं मशीन, त्याच्या तोंडाला काटकोनात बसवलेलं छोट्या गोल पात्याचं डोकं, आणि ते सागवानाच्या फळीतून सुरीसारखं सरळ चालत जातं. खाली ४,९९९ वर काट मारून १,४९९ रुपये, 'फक्त ७ नग शिल्लक', 'फुल मेटल गिअर', 'कोणत्याही मशीनला बसतं'. हे डोकं मी मागवलं आणि पैसे गेले. रक्कम फार मोठी नाही, कबूल. पण ही थाप कुठे कुठे लपवलेली असते ते सांगितलं तर पुढच्याचे पैसे आणि बोटं दोन्ही वाचतील.

मी फावल्या वेळात लाकडी देवघरं आणि नावाच्या पाट्या करतो. मोठे काप वखारीतूनच मारून आणतो. अडतं ते बारीक कामाला: जाळीच्या पट्ट्या, कमानीच्या मागचा प्लाय, बारा मिमीच्या सागाला खाच. हातकरवतीने ते होतं, पण दहा सारख्या पट्ट्या पाडायच्या म्हटलं की मनगट बोलायला लागतं. रोटरी टूल घरात होतंच. त्याचीच करवत होत असेल तर कोणाला नको?

विक्रेत्याच्या व्हॉट्सॲप नंबरवर मी आधी नीट विचारलं होतं. बारा मिमी सागवान कापेल का, आणि जास्तीत जास्त किती खोल कापतं? उत्तर आलं, "हां सर, २५ एमएम तक आराम से, हार्डवुड भी." पात्याचा व्यास किती, याला उत्तर म्हणून फक्त तोच व्हिडिओ पुन्हा आला आणि पाठोपाठ ऑर्डरची लिंक. जाहिरातीतही व्यास कुठेच नव्हता. तो का नव्हता, ते वस्तू हातात आल्यावर कळलं.

कुरिअरवाल्या पोराने आधी पैसे घेतले. उघडून दाखव म्हटलं तर "काका, आम्हाला परवानगी नाही". त्याचं काही चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. आत पुठ्ठ्याचा साधा डबा. त्यावर उत्पादकाचं नाव नाही, आयात करणाऱ्याचं नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या वजनमापे नियमांनुसार बंधनकारक आहे. कोरा डबा दिसला की तिथेच समजावं, या मालाला मागे कोणी बाप नाही.

आता मोजमाप. कॅलिपर लावला तर पात्याचा व्यास ३२ मिमी. म्हणजे मधल्या स्क्रूपासून दातापर्यंत १६. पातं धरून ठेवणारी चकती १३ मिमीची, तिची निम्मी, साडेसहा, वजा करा. उरले साडेनऊ. त्यातून लाकडावर टेकणारी पट्टी आणि तिच्या वरची फट यांचे तीनेक मिमी गेले. हातात राहिले साडेसहा. ३२ च्या पात्यातून २५ ची खोली ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही, कारण गोल पातं आपल्या त्रिज्येपेक्षा खोल कापूच शकत नाही. अर्धा इंच फळी कापायची तर पातं निदान दोन इंचांचं हवं, आणि रोटरी टूलच्या सव्वातीन मिमी जाडीच्या दांडीवर ते झेपत नाही. एवढा हिशोब मांडायला सुतार असावं लागत नाही, फक्त व्यासाचा आकडा लागतो. म्हणूनच तो देत नाहीत.

चांगल्या कंपन्या हा आकडा लपवत नाहीत. रोटरी टूल म्हटलं की आपल्याकडे लोक सरसकट 'ड्रेमेल' म्हणतात. ती १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी सुरू झालेली कंपनी, आता बॉशकडे आहे. तिचं स्वतःचं ६७० नंबरचं मिनी सॉ डोकं आहे. ते फक्त लाकडासाठी आहे आणि पाव इंच, म्हणजे सहा मिमीच्या आसपास कापतं, असं ते स्वतःच सांगतात. मूळ कंपनी सहा म्हणते तेव्हा त्याच आकाराची नक्कल पंचवीस कशी म्हणेल?

चालवून पाहिलं. पहिला अडथळा बसवण्याचाच. 'कोणत्याही मशीनला' म्हणजे काय, तर सोबत प्लॅस्टिकच्या तीन कड्या. माझ्या टूलच्या तोंडावरच्या आट्यांना त्यातली एक कशीबशी लागली, तीही दोन आट्यांवर. चार मिमीच्या प्लायमधून पातं गेलं, पण डुलत. कापाची फट पात्याच्या जाडीपेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद झाली, वरच्या पापुद्र्याच्या कपच्या निघाल्या. मग सागाच्या बारा मिमीच्या तुकड्यावर फक्त खाच पाडायला लावलं. पहिले दोनेक इंच गेलं. मग आवाज बसला, जळक्या सागाचा तो कडवट वास आला, कापाची कड काळी पडली, आणि टर्रर्र करून पातं थांबलं. आतली मोटर मात्र फिरतच होती.

डोकं उघडलं. काटकोनात एकमेकांना लागणारी दोन दंतचक्रं. एक पितळी रंगाचं, दुसरं पांढऱ्या नायलॉनचं. 'फुल मेटल' म्हणतात ते हे. नायलॉनच्या चक्राचे एका बाजूचे सगळे दात सोलून ग्रीसमध्ये पडले होते. पात्याच्या दांडीला बेअरिंग नाही, नुसतं बुश म्हणजे साधी नळी, आणि त्यात दांडी नखाने हलवली तरी हलत होती. पातं का डुलत होतं ते तिथे दिसलं. दोन्ही चक्रांचे दात सारख्याच संख्येचे, म्हणजे गिअर फक्त दिशा वळवतो, जोर अजिबात वाढवत नाही.

आणि जोराचाच सगळा प्रश्न आहे. साधारण रोटरी टूल १३० ते १७५ वॉटचं असतं. आपल्याकडचे सुतार प्लाय कापायला जे मार्बल कटर वापरतात ते हजार वॉटच्या वरचं. रोटरी टूल मिनिटाला तीस हजार फेऱ्या मारतं म्हणून ते ताकदवान वाटतं, पण ती नुसती गती आहे. घासणं, कोरणं, खिळा कापणं अशा हलक्या स्पर्शाच्या कामांना ती गती पुरते. करवतीला दाताने लाकूड ओढावं लागतं, तिथे पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर लागतो. पातं अडलं की आपण गतीचा रेग्युलेटर खाली आणतो, तर उलटंच होतं: मोटर आणखी कमजोर पडते, आतला पंखा मंदावतो आणि मशीन तापतं. डोक्यावरच्या रागाने असंच रेटत राहिलं तर १,४९९ बरोबर टूलही जातं.

मग व्हिडिओत फळी कापली कशी जाते? मी तो पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. पातं लाकडात शिरतं तिथे एक कट आहे, बाहेर पडतं तिथे दुसरा. मधल्या दृश्यात भुसा जवळजवळ उडतच नाही. याचा अर्थ फट आधीच पाडलेली होती, डोकं तिच्यातून नुसतं ओढलंय. एका तुकड्यात तर हातातलं मशीनच बदललंय, बॅटरीवरची छोटी सर्क्युलर सॉ आहे ती. गाणं एवढ्या जोरात लावलेलं असतं की मोटरचा आवाज ऐकू येत नाही. आवाज ऐकू आला असता तर कोणीही ओळखलं असतं. तोच फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तेच डोकं परदेशी घाऊक साइटवर अगदी किरकोळ भावात, वेगवेगळ्या नावांनी, दिसलं. 'फक्त ७ नग' हे पान रिफ्रेश केलं की पुन्हा ७. कमेंट बंद.

तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. व्हॉट्सॲपवर तुटलेल्या चक्राचा फोटो टाकला. उत्तर, "सर आपने ज्यादा प्रेशर दिया होगा." २५ मिमी लिहिलेला त्यांचाच मेसेज समोर ठेवला, तर ब्लॉक. वेबसाइटवर रिटर्नची अट होती, 'सील न उघडलेली वस्तू'. सील न उघडता दोष कसा कळायचा, हे विचारायला समोर माणूस नव्हता. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे साइटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी द्यावाच लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. इथे त्या जागी एक जीमेल पत्ता. पार्सलच्या लेबलवर भिवंडीच्या एका गोदामाचं नाव होतं, ते म्हणाले, आम्ही नुसतं पाठवतो, माल दुसऱ्याचा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, बोलणारी बाई नीट ऐकून घेणारी होती, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. पण हेल्पलाइन तक्रार पुढे पाठवते, आणि पुढे कोणी नसेल तर ती तिथेच लोंबकळते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या गावी दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस कोणाच्या पत्त्यावर काढायची? या धंद्याचं खरं कुलूप हे आहे. रक्कम मुद्दाम अशी ठेवतात की माणूस चार शिव्या घालून सोडून देईल, आणि जो सोडत नाही त्याला पत्ता सापडू देत नाहीत.

यावर आणखी एक. तक्रार मी त्यांच्या पेजच्या एका पोस्टखाली, जिथे कमेंट चुकून उघडी राहिली होती, तिथेही लिहिली. त्यानंतर लगेच एका सभ्य आवाजाचा फोन: "कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, एक ॲप टाकून घ्या, स्क्रीनवर मी सांगतो तसं करा." तो त्याच टोळीतला होता की तक्रारी हुंगत फिरणारा दुसराच कोणी, देव जाणे. पैसे परत घ्यायला ना ॲप लागतं, ना पिन, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. यात कोणाचे खात्यातले पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन करा, बँकेत जाऊन रांगेत उभं राहण्याआधी.

ते पेज आता नाही. तशाच रंगाचं, तशाच अक्षरांचं दुसरं आलंय, आणि त्यावर आता चार इंची ग्राइंडरला लावायची चेनसॉची चकती आहे. याला मात्र मी हात जोडून सांगतो, लांब राहा. रोटरी टूलचं डोकं फार तर मोडतं. ग्राइंडर मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या मारतं, आणि साखळीचा दात गाठीत अडकला की अख्खं मशीन अंगावर उसळतं. ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत लाकूड कोरायची साखळी किंवा दातेरी पातं लावू नका, असं स्पष्ट छापलेलं असतं. रोटरी टूलच्या नुसत्या मँड्रेलवर, म्हणजे पातं धरणाऱ्या बारीक दांडीवर, बसणाऱ्या सहा-सात दातेरी पात्यांच्या सेटचंही तेच, आकार लहान एवढंच. त्याला ना गार्ड, ना टेकण. चष्म्याशिवाय तर नकोच नको.

मग हे डोकं घ्यावंच नाही का, असं दोघातिघांनी विचारलं. ज्यांचं काम तीन-चार मिमी प्लाय, बाल्सा, पातळ एमडीएफचं आहे, मॉडेल करणारे किंवा आर्किटेक्चरची मुलं, त्यांना आपल्याच टूलच्या कंपनीचं डोकं उपयोगी पडेल. भिंतीला लागलेली पट्टी जागेवरच कापायची असेल तिथेही, कारण जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या उभ्या पात्याची विजेची करवत, तिथे शिरत नाही. बारा मिमीच्या पुढचं लाकूड असेल तर तेवढ्या पैशात थोडी भर घालून साधी जिगसॉ घेतलेली बरी, मी आता तीच वापरतो. जाळीच्या पट्ट्यांना फ्रेट सॉ, म्हणजे बारीक पात्याची नक्षीची करवत. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला दुकानदार डबा उघडून, लावून दाखवतो. तिथे किंमत विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: पातं किती मिमीचं, आणि त्याचं सुटं पातं आत्ता दुकानात आहे का. सुटं पातं मिळत नसेल तर पहिलं बोथट होईल त्या दिवशी डोकं भंगारात जाणार.