नव्या टर्बोचे पैसे घेतले, पाइपला टेप गुंडाळली

यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर–तुळजापूर महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी आमच्या डिझेल गाडीच्या बाबतीत जी फसवणूक झाली, ती आपल्या भागातील इतर कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कापसाच्या हंगामात गाडीचा पिकअप एकाएकी गेला. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी उचलत नव्हती, मागून काळा धूर निघत होता, बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा आवाज येत होता आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पडद्यावरचा पी०२९९ हा कोड दाखवला आणि म्हणाला, “भाऊ, टर्बो गेला. अशीच चालवली तं पुरं इंजनच बसन.” टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा ढकलणारा पंखा. इंजिन बसण्याची ही भीती निराधार नसते, कारण टर्बोचे ऑइल सील खरोखर निकामी झाले तर तेल इंजिनात ओढले जाऊन ते बेकाबू होऊ शकते, नेमका याच धाकाचा त्याने उपयोग केला. त्याने ३८,००० रुपये घेतले, साध्या कागदावर ‘नवीन टर्बो व मजुरी’ एवढेच लिहून दिले आणि जुना भाग मागितल्यावर काजळीने माखलेला एक टर्बो डिकीत टाकला. गाडी पुन्हा जोमाने पळू लागली होती, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

काही आठवड्यांनी तीच लक्षणे परत आली, तेव्हा गाडी यवतमाळच्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिन रेस करायला सांगितले आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे (ही हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी पाइपवर बॅटरीचा उजेड टाकला. पाइपच्या खालच्या अंगाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. उष्णतेने व तेलाने ती सैल होऊन घसरली होती आणि खाली बोटभर लांबीची चीर स्पष्ट दिसत होती. नंतर त्याने टर्बोचे नट दाखवले. त्यांच्यावर जुना गंज आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा होता, पान्याची एकही ताजी खूण नव्हती. वरून दिसेल तेवढाच भाग पुसलेला होता. “काकाजी, याले कोनं हातच नाई लावला,” तो म्हणाला. डिकीतला टर्बो आमच्या गाडीचा नव्हताच, कारण त्याच्या बोल्टची छिद्रे आमच्या गाडीशी जुळत नव्हती. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याला खरा बिघाड सापडला होता आणि तो झाकून त्याने टर्बोचे पैसे उकळले. हे मला सर्वांत संतापजनक वाटते.

पी०२९९ या कोडचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच होतो. तो दाब फाटलेल्या पाइपमुळे, सैल क्लॅम्पमुळे किंवा व्हॅक्यूमच्या बारीक नळीतील गळतीमुळेही कमी होतो. कोणता भाग गेला हे कोड सांगत नाही. टर्बो खरोखर खराब असेल तर बहुधा निळसर धूर येतो, इंजिन ऑइल कमी होत जाते आणि हवेचा पाइप काढून शाफ्ट (टर्बोच्या पंख्याचा दांडा) बोटांनी हलवल्यास त्यात जास्त खेळ जाणवतो. म्हणून खर्चाला होकार देण्यापूर्वी सगळे पाइप तपासायला लावावेत आणि शाफ्ट स्वतः हलवून पाहावा. टर्बोवरील पट्टीच्या क्रमांकाचा फोटो गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी काढावा आणि परत घेताना तो पुन्हा ताडून पाहावा. बिलात भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली असून दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय, नटांचे फोटो आणि तो कागद जोडला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ज्यांना आधी सल्ला हवा असेल त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, आणि फाटका पाइप मात्र फेकून न देता पुरावा म्हणून जपून ठेवावा.