मूर्तीची पाठ बघायची असेल तर: अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे आणि त्यात गेली सव्वीस वर्षं मी आखणी करते. मूर्ती घडली, रंगली, तरी डोळे आखून होत नाहीत तोवर ती आमच्या लेखी माती नाहीतर प्लॅस्टरच असते. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिलंय ते इतिहासाच्या अभ्यासकाचं नाही, मूर्तीवर ब्रश चालवणाऱ्या बाईचं आहे.

गणपती गेल्यावर, ऑक्टोबरात, भाचीबरोबर ग्रीसला गेले. आमच्या सहल कंपनीने अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉनला, म्हणजे अथेना देवीच्या जुन्या देवळाला, दीड तास दिला आणि टेकडीवरच्या मूर्ती ठेवलेल्या या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमला चाळीस मिनिटं. तेवढ्यात मी एका दालनातूनही बाहेर पडले नव्हते. बसमध्ये माझा चेहरा बघून भाची म्हणाली, "मावशी, उद्याची बोटीची सफर सोडूया का?" सोडली. दुसऱ्या दिवशी म्युझियम उघडायच्या वेळी आम्ही दारात होतो, बाहेर आलो तेव्हा चार वाजले होते.

इमारत २००९ साली उघडली. पाया खणताना खाली जुन्या अथेन्सची अख्खी वस्ती लागली, म्हणून सगळी इमारत खांबांवर उचलून घेतलीय. काचेच्या जमिनीवरून चालताना पायाखाली कुणाची तरी न्हाणी, कुणाची विहीर दिसते. मला जरा गरगरलं, मी कडेकडेने चालले.

माझा अर्धा दिवस गेला तो पहिल्या मजल्यावरच्या आर्केइक, म्हणजे पार्थेनॉनच्याही आधीच्या काळातल्या मूर्तींच्या, दालनात. इथे 'कोरे' आहेत, म्हणजे तरुण मुलींच्या संगमरवरी मूर्ती, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या. देवी अथेनाला लोकांनी वाहिलेल्या. ग्रीक मूर्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र दगड येतो ना? तो समज इथे पहिल्या पाच मिनिटांत जातो. केसांवर लाल, वस्त्राच्या काठावर निळ्या-हिरव्या नक्षीच्या रेघा, आणि डोळ्यांच्या बुबुळांत लाल रंगाचे अंश. मी वाकून वाकून ते डोळेच बघत होते. कुणीतरी हात स्थिर धरून ते गोल काढले होते, अडीच हजार वर्षांपूर्वी. एका छोट्या कोरेच्या अंगरख्याचा निळा रंग आता हिरवा दिसतो. तो निळा अझुराइट नावाच्या खनिजाचा असायचा आणि काळाने तो हिरवा पडतो. रंग कसा फिरतो ते मला घरचं आहे, म्हणून तिथे जास्त वेळ थांबले.

रंग टिकला कसा, त्याची कथा आपल्या माणसाला चटकन कळेल. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने टेकडीवरची देवळं जाळली, मूर्ती फोडल्या. अथेन्सच्या लोकांनी परत येऊन त्या भंगलेल्या मूर्ती टाकून दिल्या नाहीत, देवीच्याच जागेत पुरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खोदकामात त्या वर आल्या. ऊन-पाऊस लागला नव्हता, म्हणून रंग उरला. भंगलेली मूर्ती पूजत नाहीत पण तिचा मानही मोडत नाहीत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

या दालनात अँतेनॉरची कोरे आहे, सुमारे दोन मीटर उंच. तिच्या चौथऱ्यावर लिहिलंय की निआर्खोस कुंभाराने आपल्या कमाईतला पहिला वाटा म्हणून ती अथेनाला वाहिली, आणि घडवली अँतेनॉरने. देणारा कुंभार आणि घडवणारा शिल्पकार, दोघांचीही नावं! याच टेकडीवर स्मिकिथी नावाच्या धोबिणीने वाहिलेलं दानही सापडलंय, स्वतःचा धंदा नावापुढे कोरून. पुस्तकांत ग्रीकांची लोकशाही वाचली होती. मला ती खरी वाटली ती या नावांमुळे. ती अर्धीमुर्धी होती हेही तिथेच कळतं. टेकडीवरच्याच एरेक्थिऑन देवळाच्या बांधकामाचे हिशोब दगडावर कोरलेले सापडलेत. त्यात नागरिक, परगावचे कारागीर आणि गुलाम एकाच कामावर दिसतात, रोज एक द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) मजुरी, तिघांना सारखीच. गुलामाच्या नावाची मजुरी घेऊन जायचा मात्र त्याचा मालक. शिल्पपट्टीतल्या आकृत्यांना नगावर पैसे, एकेका आकृतीला ६० द्राख्मा. आमच्याकडेही आखणी नगावरच असते.

त्याच देवळाच्या ओसरीचं छप्पर डोक्यावर पेलणाऱ्या सहा मुली म्हणजे कॅरिअ‍ॅटिड. त्यातल्या पाच इथे आहेत. टेकडीवर आता नकला उभ्या आहेत. इथे त्यांच्याभोवती पूर्ण फिरता येतं आणि मी म्हणते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. मागे जा. प्रत्येकीची वेणी वेगळी. जाड, पिळाची, मानेवरून खाली सुटलेली. हात तुटलेत, चेहरे झिजलेत, वेण्या मात्र शाबूत. ती वेणी नुसती शोभेची नाही. बारीक मानेवर छपराचं वजन आलं तर मान मोडेल, म्हणून केसांनी मान जाड केलीय. मोठ्या मूर्तीला आम्ही प्रभावळीचा किंवा उपरण्याचा आधार देतो, तसंच. आणि ओसरीत आत गेल्याशिवाय ही बाजू दिसायची नाही, तरी एकेक पेड कोरलाय. व्यापारी आम्हाला दरवर्षी सांगतात, पाठीला एक हात मारा, पुरे, भिंतीकडेच जाणार आहे. मी मारलाय तो एक हात, अनेकदा. त्या वेण्यांपुढे ते आठवलं आणि वाईट वाटलं.

सहावी मुलगी लंडनला आहे. तिची जागा रिकामी ठेवलीय, तिथे काहीही उभं केलेलं नाही.

वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचं दालन. खालच्या इमारतीच्या मानाने हा मजला वळवलेला आहे, म्हणजे तो बरोबर देवळाच्या दिशेला समांतर येतो. काचेतून टेकडीवर खरं देऊळ दिसतं आणि त्याच क्रमाने, त्याच दिशांना, आत शिल्पं. पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालं, देखरेख फिदियास या शिल्पकाराची. देवळाच्या भिंतीवरून फिरणारा शिल्पपट्टा, फ्रीझ, १६० मीटर लांबीचा. त्यावर अथेनाच्या उत्सवाची मिरवणूक आहे: घोडेस्वार, बळीचे बैल, खांद्यावर पाण्याचे घडे घेतलेले तरुण. त्यातला एक वाकून जमिनीवरचा घडा उचलतोय. देवळावर देवांच्या कथा असतात, पण इथे गावाने स्वतःची मिरवणूकच कोरून घेतली. हा पट्टा जमिनीपासून सुमारे बारा मीटर उंच होता, म्हणून वरचा भाग खालच्यापेक्षा खोल कोरलाय, खालून बघणाऱ्याला नीट दिसावा म्हणून. मंडळाची पंधरा फुटी मूर्ती असली की आम्ही नजर खाली आखतो, त्यामागे हाच विचार.

या पट्ट्याचे अस्सल दगड इथे सुमारे ५० मीटरचे आहेत. बराच मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताच्या माणसांनी १८०१ पासून उतरवून नेलेला. त्या जागी इथे प्लॅस्टरच्या प्रती बसवल्यात आणि फरक लपवलेला नाही. पेंतेली डोंगराचा संगमरवर काळाने मधाच्या रंगाचा झालाय, प्लॅस्टर पांढरंफटक. पूर्वेकडे पोसायडन, अपोलो हे देव आणि आर्टेमिस देवी अस्सल दगडात बसलेत आणि शेजारीच, देवीचं वस्त्र घडी करतानाचा मिरवणुकीचा मुख्य प्रसंग, प्लॅस्टरमध्ये. आयुष्य प्लॅस्टरमध्ये गेलंय माझं, त्याला कमी लेखणार नाही. पण साच्यातून आलेल्या चुणीची धार थोडी तरी मरतेच. आर्टेमिसच्या खांद्यावरून उतरलेल्या वस्त्राची चुणी बघा, मग शेजारची बघा. ते तुकडे इथे परत यावेत असं मला मनापासून वाटतं. थोडे आलेतही: इटलीतल्या पालेर्मोहून एका मूर्तीच्या पावलाचा तुकडा २०२२ मध्ये कायमचा आला, व्हॅटिकनहून तीन तुकडे २०२३ मध्ये.

देवळातली मुख्य मूर्ती, फिदियासची सोन्या-हस्तिदंताची अथेना, कधीच नाहीशी झालीय. तिच्या अंगावर सुमारे एक टन सोनं होतं आणि शहरावर संकट आलं तर ते काढून वापरता येईल असं बसवलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर डोळे कसे होते, हा प्रश्न घेऊनच मी खाली उतरले.

जाणाऱ्यांसाठी: टेकडीचं तिकीट आणि म्युझियमचं तिकीट वेगळं असतं. मेट्रोचं अक्रोपोली स्टेशन दाराशीच आहे. लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांना अडचण नाही. दुसऱ्या मजल्यावर उपाहारगृह आहे, आम्ही कॉफीच घेतली आणि टेकडीकडे बघत बसलो. निदान चार तास ठेवा, सहलीच्या कार्यक्रमात बसत नसतील तर दुसरं काहीतरी सोडा. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, तरी तुम्ही सकाळी जा आणि आधी पहिल्या मजल्यावर जा. कोरेंच्या अंगावरचा रंग दिवसाउजेडीच दिसतो. आम्हीसुद्धा डोळे आखायला शक्यतो ट्यूबलाइटखाली बसत नाही.