लहान मुलासाठी सेकंड हँड: जुना लाकडी पियानो, डिजिटल की कीबोर्ड?

आमची धाकटी सहा वर्षांची, राजारामपुरीत क्लासला जाते, बाईंनी सांगितलं आता घरी वाजवायला काहीतरी पाहिजेच, मग दोन महिने आम्ही दोघं फक्त सेकंड हँड पियानो बघत फिरलो. कोल्हापुरात घराघरात पेटी सापडेल, पियानोचं काही विचारायचं तर माणूस शोधण्यापासून सुरुवात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

61 पट्ट्यांच्या कीबोर्डचं आधी उरकते. स्वस्त आहे, लगेच मिळतो, पण पट्ट्या स्प्रिंगवर हलक्या असतात आणि अगदी स्वस्तातल्या मॉडेलला टच नसतोच, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेतसुद्धा पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगळे विषय आहेत. मुलाला पियानोच शिकवायचा असेल तर यात पैसे घालू नका.

आता लाकडी पियानो. एका जुन्या घरात बघितला, झाकण उघडल्यावर मी हरखलेच, पोरीनं एक सूर दाबला आणि तो घरभर घुमला. मालक म्हणाले फक्त ट्यूनिंग करून घ्या. मोबाईलवर ट्यूनरचं ॲप लावलं, मधल्या सी पट्टीच्या वरचा जो ए सूर 440 हर्ट्झला पाहिजे तो 415 च्या आसपास, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत अख्खी एक पट्टी खाली! इतका उतरलेला पियानो एका दमात वर चढवला तर जुन्या तारा तुटू शकतात, दोन-तीनदा ट्यूनिंग लागतं, आणि तारा ताणून धरणाऱ्या पिना लाकडात सैल झाल्या असतील तर तेही टिकत नाही. खालची फळी काढून टॉर्च मारला तर जाड तारांवर गंज, आतलं लोकरीचं फेल्ट कसरीनं खाल्लेलं. आत साधारण 230 तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण 15 टनांच्या वर जातो, वजन 200 किलोच्या पुढे, आणि वरून आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात. वर्षातून दोनदा ट्यूनिंग धरायचं, आम्हाला तर इथं ट्यूनिंग करणारा माणूस, म्हणजे ट्यूनर, मिळालाच नाही, पुण्या-मुंबईहून बोलवायचा म्हणजे त्याचा येण्याजाण्याचा खर्च आला. जुन्या इंग्लिश पियानोत तारांवर आपटणाऱ्या हॅमरच्या पुढं बारीक उभ्या सळ्यांचा पिंजरा दिसला तर सरळ परत या, त्यात सूर नीट थांबत नाहीत आणि ट्यूनरला काम करणं अवघड जातं.

तरी खरं सांगते, यामाहाच्या यू1 सारखा जपानी अपराइट, म्हणजे उभा पियानो, कोरड्या घरातला, नियमित ट्यून केलेला, आणि तुमचं घर तळमजल्यावर, असं जुळून आलं तर डोळे झाकून नको पण ट्यूनरला दाखवून घ्याच. त्या आवाजाला तोड नाही, लाईट गेली तरी वाजतो. वरचं झाकण उघडलं की आत सीरियल नंबर असतो, त्यावरून तो कुठल्या सालचा ते कळतं.

आम्ही शेवटी 88 पट्ट्यांचा डिजिटल घेतला, यामाहाचा पी-45, स्टँडसकट 24 हजारांत. कॅसिओचा सीडीपी-एस100, रोलंडचा एफपी-10 हे त्याच लायनीतले. वजन 10 ते 12 किलो, ह्यांनी एकट्यानं जिन्यावरून आणला. पट्ट्या वजनदार, खर्जाकडं जड आणि वर हलक्या होत जातात, खऱ्या पियानोसारख्या. ट्यूनिंगचा प्रश्नच नाही, हेडफोन लावून कधीही बसता येतं. स्पीकरचा आवाज मात्र लाकडीपुढं किरकोळच.

वापरलेला डिजिटल बघताना सगळ्या 88 पट्ट्या एकेक करून अगदी हळू दाबा, मग जोरात. आम्ही आधी बघितलेल्या एकात दोन पट्ट्या हळू दाबल्या तरी केकाटत होत्या, तो तिथंच सोडला. अडॅप्टर ओरिजनल आहे का बघा. सोबतचा छोटा चौकोनी पेडल फरशीवर सरकतो, आम्ही खाली रबरी मॅट घातलीय, पावसाळ्यात वाजवून झालं की वर सुती कापड.

आणि स्टूल. यावर कुणी बोलत नाही. मुलाची कोपरं पट्ट्यांच्या पातळीत आली पाहिजेत आणि पाय लोंबकळता कामा नयेत, नाहीतर खांदे आवळले जातात. आमच्याकडं देवघरातले दोन पाट एकावर एक ठेवलेत, पोरगी त्यावर पाय टेकवून बसते.