कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं: सेवा उत्तम, नियम कडक

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचं, हा मार्ग खर्चाच्या दृष्टीने खरंच चांगला आहे. राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टरच्या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे विषयाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिट), ४६ डॉलर पडतात. भारतातून व्हिसावर आलेल्यांना मात्र त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे फीचा आकडा बघताना आपण कुठल्या रांगेत आहोत ते आधी तपासा.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे 'टॅग', म्हणजे प्रवेशाची लेखी हमी. ती याच युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहाच कॅम्पससाठी मिळते, आणि त्यातलाही एकच निवडता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगोला ती नाही. अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच. युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाचा मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतो. तो राहिला की हमी गेलीच.

विषय निवडताना 'असिस्ट' या सरकारी साइटवर आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) टाकून बघा, म्हणजे कुठले विषय पुढे धरले जातील ते कळेल. समुपदेशक चांगले असतात, पण सेमिस्टरच्या सुरुवातीला त्यांची वेळ मिळणं मुश्कील, म्हणून आधीच बुक करा.

खरा घोटाळा होतो तो विषय सोडताना. पोर्टलवरचं 'ड्रॉप' बटण एका क्लिकचं आहे, पण एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर प्रत्येक सेमिस्टरला १२ युनिट लागतात. आंतरराष्ट्रीय कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता ११ वर आलात, तर व्हिसाचा दर्जाच जातो. पूर्ण ऑनलाइन विषयातली तीनच युनिट त्या बारांत धरतात, हेही नोंदणीआधी मोजा.