संलग्न की समाविष्ट? दांडिया बाजारातील तीन शनिवार

दांडिया बाजारातील एका मराठी मंडळाने या थंडीत संग्रहालयांवर तीन शनिवारांची व्याख्यानमाला ठेवली होती. शुल्क 450 रुपये, ज्येष्ठांना 300. विषय वाचून मी प्रथम बिचकले. फिलाडेल्फियातील ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाला अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या राष्ट्रीय समूहात घ्यावे की नाही, याच्याशी वडोदऱ्याच्या माणसाला काय देणेघेणे? तिन्ही शनिवार बसून ऐकल्यावर पैसे वसूल झाले असे सांगते, मात्र माझी एक तक्रारही आहे. वेळ संध्याकाळी सातची होती, म्हणजे शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस) सुटल्यानंतरची. हे आयोजकांनी जाणून केले की सभागृह तेव्हाच मोकळे होते, ते विचारायचे राहिले.

व्याख्यात्या बाईंनी अनेक वर्षे संग्रहालयात काम केलेले असल्यामुळे त्यांनी पहिल्या दिवशी गोष्ट सांगितली ती जमाखर्चाच्या वहीतून. 1740 पासून चालत आलेल्या मिकवेह इस्राएल या ज्यू मंडळीने 1976 साली आपल्याच वास्तूत हे संग्रहालय सुरू केले. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ते जेम्स पोल्शेक यांनी रेखलेल्या काचेच्या भव्य इमारतीत, अमेरिकी स्वातंत्र्याच्या स्मारकांच्या अगदी शेजारी गेले, आणि त्या इमारतीसाठी काढलेल्या रोख्यांचे ओझे इतके झाले की मार्च 2020 मध्ये संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पादत्राणांचे प्रसिद्ध रचनाकार स्टुअर्ट वाइट्झमन यांच्या देणगीने 2021 साली ती त्यातून बाहेर पडली आणि तिच्या नावात त्यांचे नाव आले. “कोनशिलेवर देणगीदाराचे नाव येते, विजेच्या बिलावर येत नाही,” असे बाई म्हणाल्या तेव्हा मंडळाचे खजिनदार सर्वांत मोठ्याने हसले.

दुसरी संध्याकाळ सर्वांत भरीव होती. 1846 साली स्थापन झालेल्या स्मिथसोनियनचा कारभार 17 जणांच्या मंडळाकडे असतो: देशाचे सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, तीन सिनेटर, प्रतिनिधीगृहाचे तीन सदस्य आणि नऊ नागरिक. खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून येतो आणि वॉशिंग्टनमधील त्याच्या संग्रहालयांना तिकीट नसते. अमेरिकी संसदेत मांडले गेलेले विधेयक मात्र फिलाडेल्फियाचे संग्रहालय थेट ताब्यात घेण्याचे नव्हते. हस्तांतर शक्य आणि योग्य आहे का, याचा अभ्यास करणारा आयोग नेमण्याचे होते, आणि हा भेद बाईंनी दोनदा बजावून सांगितला. वॉशिंग्टनमध्ये 1993 साली उघडलेले होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, संग्रहालय स्मिथसोनियनचा भाग नाही, हेही तेव्हाच कळले; मी आजवर उलटेच समजत होते.

वाटलेल्या टिपणात मात्र ‘संलग्न’ आणि ‘समाविष्ट’ हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले होते, आणि निदान या शहरात तरी ही चूक व्हायला नको होती. विद्यापीठाची स्वतःची विद्याशाखा आणि विद्यापीठाला संलग्न असलेले बाहेरचे महाविद्यालय यांतला फरक येथे रिक्षावालाही सांगेल. फिलाडेल्फियाचे संग्रहालय स्मिथसोनियनशी संलग्न होतेच. संलग्न संस्थेला वस्तू उसन्या मिळतात, मोठे नाव लावता येते, पण पगार आणि कर्ज तिचे तिलाच निस्तरावे लागते. समावेश झाला तर वस्तूंची मालकीच बदलते. सगळा वाद या एका फरकावर उभा असताना टिपण इतके ढिसाळ असणे मला पटले नाही.

माझी मुख्य तक्रार याहून पुढची आहे. पूर्वीचे उदाहरण म्हणून बाईंनी जॉर्ज हाय यांनी न्यूयॉर्कमध्ये जमवलेला, सुमारे 8 लाख वस्तूंचा मूळनिवासी अमेरिकनांचा संग्रह 1989 च्या कायद्याने स्मिथसोनियनमध्ये कसा गेला ते सांगितले, पण आकडा देऊन त्या पुढे सरकल्या. खरा बोध तर त्या कायद्याच्या कलमांत आहे: त्या संग्रहालयासाठी वेगळे विश्वस्त मंडळ, त्यावर मूळनिवासी सदस्यांसाठी जागा, आणि स्मिथसोनियनकडच्या मानवी अवशेषांपैकी ज्यांचे मूळ पटेल ते त्या त्या जमातींना परत करण्याची तरतूद. म्हणजे घर बदलताना अटी लिहून घेता येतात. ज्यू संग्रहालयाच्या बाबतीत उद्या भिंतीवरचा मजकूर कोण लिहील, हे मी प्रश्नोत्तरात विचारले, तर “तो आयोगाचा विषय” एवढेच उत्तर मिळाले.

तिसऱ्या दिवशी विषय घरी आला. कमाटी बागेतील संग्रहालय सयाजीरावांनी उभारले, 1949 मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई राज्याकडे आणि 1960 नंतर गुजरातकडे आले. राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालय मात्र न्यासाकडे राहिले. एकाच शहरात दोन्ही वाटा पायी फिरून पाहता येतात, ही मांडणी मला फार आवडली. त्यानंतर पडद्यावर 1874 साली पुण्यात छापलेली, हिब्रू आणि मराठी मजकुराची हग्गादा आली. वल्हांडण या ज्यू सणाच्या त्या पुस्तकातील चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. शेजारच्या काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, “अगं, बैठक बघ, आपल्या आजीचीच.” कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, गावावरून ‘कर’ आडनावे लावणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे लोक. ते चित्र पाच मिनिटे तसेच ठेवले असते तरी चालले असते. बाईंनी ते अर्ध्या मिनिटात बदलले.

ध्वनिव्यवस्था सामान्य होती, मागच्या तीन रांगांना तारखा ऐकू येत नव्हत्या. मालेची दुसरी आवृत्ती जाहीर झाली असून तिला अहमदाबादच्या मागेन अब्राहम या 1934 च्या सिनेगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) एक दिवसाची सहल जोडली आहे. जाणाऱ्यांनी पुढे बसावे आणि टिपणातील ‘संलग्न’ हा शब्द दिसेल तेथे पेन्सिलने खूण करून बाईंना नेमका अर्थ विचारावा.