तंबाखू सोडताना: कोणाला सांगून की न सांगता?

तंबाखू सोडायचे मनाशी ठरवलेल्या माणसापुढे पहिला पेच असतो तो कबुलीचा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले होते. मळलेली तंबाखू, गुटखा किंवा मशेरी यांना धूर नसल्याने ही सवय घरच्यांपासूनही वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

गुपचूप सोडण्यात मानहानी नाही आणि पुन्हा सुरू झाली तरी कोणी टोमणा मारत नाही. मात्र हीच सोय घातक ठरते, कारण चौथ्या दिवशी पुन्हा बार भरला तरी तो कोणालाच कळत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात तलफ सर्वांत तीव्र असते, चिडचिड होते, झोप उडते; कारण ठाऊक नसलेले घर अशा वेळी माणसाला समजून घेण्याऐवजी त्याच्याशी भांडते.

एका विश्वासू माणसाला सांगितले, तर हे चित्र बदलते. पत्नी चिडचिडीचा अर्थ ओळखते, सोबती समोर पुडी काढत नाही, आणि डॉक्टरांना सांगितले असेल तर ते निकोटीनच्या च्युइंगगमचे प्रमाण ठरवू शकतात व तोंडातील पांढरे चट्टे वेळीच तपासू शकतात. माझ्या मते डॉक्टरांजवळची कबुली तर ऐच्छिक मानूच नये.

चारचौघांत जाहीर करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या संकल्पाची इतरांनी दखल घेतली त्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष काम कमी केले. ते प्रयोग व्यसनाविषयी नव्हते, त्यामुळे त्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही शाबासकी आधीच मिळाली की कष्टांची निकड ओसरते, हे व्यसनाच्या बाबतीतही मला संभवनीय वाटते. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी कबुलीची आहे, पण ती दिली जाते त्याच दुखण्यातून गेलेल्या माणसांसमोर आणि नाव गुप्त ठेवून. तिथे कबुली उघड असते ती त्या खोलीपुरतीच.

म्हणून निवड करायची झाल्यास मी एकाच माणसाला सांगण्याच्या बाजूने कौल देईन, आणि तेही नेमक्या शब्दांत. ‘मला वाईट सवय आहे’ एवढे म्हटल्याने मन हलके होते, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘रात्री जेवल्यावर मला बार भरल्याशिवाय राहवत नाही, सोमवारपासून बंद करतो आहे, त्या वेळी मला विचारत जा,’ असे सांगितले तर त्याला काय करायचे ते कळते. घरात असे कोणीच नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर प्रशिक्षित समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. तिथे ओळखीच्यांसमोर मान खाली घालावी लागत नाही.