एकच घ्यायचं तर कोणतं?

ग्रंथखरेदीची यादी करायला बसलं की आमच्याकडं दरवर्षी तोच तिढा. वाचनालय सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या ड वर्गातलं, अनुदान तुटपुंजं, हप्ता कधी पडेल त्याचा नेम नाही. यंदा मराठवाड्याला साहित्य अकादमी मिळवून देणारी तीन पुस्तकं समोरासमोर आली: आसाराम लोमटे यांच्या कथांचं ‘आलोक’ (२०१६), अनुराधा पाटील यांच्या कवितांचं ‘कदाचित अजूनही’ (२०१९) आणि सुधीर रसाळ यांचं ‘विंदांचे गद्यरूप’ (२०२४). सालं पुरस्काराची आहेत, छपाईची नव्हेत.

गावासाठी घेत असाल तर ‘आलोक’, आणि जमलं तर दोन प्रती. लोमटे परभणीचे, पत्रकार. त्यांच्या कथा ऐसपैस असतात, एका बैठकीत उरकत नाहीत. गावातली सत्ता, दबलेला माणूस, रानातली ओढाताण हे सगळं सोयाबीनचा भाव विचारावा इतक्या सहज येतं. आमची पहिली प्रत चार वर्षांत खिळखिळी झाली, शेवटी दाभणानं शिवली. पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो कुणाचा ते रजिस्टर पाहून सांगता येईल, पण सांगत नाही. भाषा इथलीच असल्यानं वर्तमानपत्रापलीकडं न जाणारी माणसंही तग धरतात. मात्र हलकंफुलकं काही हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

‘कदाचित अजूनही’ची गोष्ट निराळी. रजिस्टरात त्याच्या नोंदी मोजक्याच. समितीत एकजण म्हणालाच, “कविता कोण वाचतंय हो सर?” पण नेणाऱ्या बहुतेक बाया, आणि पुस्तक महिना-महिना परत येत नाही. एकदा परत आलं तेव्हा आत वहीचं पान राहून गेलं होतं, त्यावर निळ्या शाईत उतरवून घेतलेली अख्खी कविता. बाईचं आतलं दुखणं इथं आवाज न चढवता येतं, म्हणून घाईत वाचणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. स्वतःच्या घरासाठी एकच घ्यायचं असेल तर मी हेच घेईन. कथा आपण वाचनालयातून आणतो, कविता उशाशी लागते.

रसाळ सरांचं पुस्तक समीक्षेचं. नव्वदी ओलांडल्यावर त्यांना हा पुरस्कार मिळाला, याचं छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या हाताखाली मराठी शिकलेल्यांना किती अप्रूप असेल! विंदा करंदीकर आपल्याला कवी म्हणून ठाऊक. इथं विचार आहे तो त्यांच्या गद्याचा. एम.ए. किंवा सेट-नेट करणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावं. बाकीच्यांनी आधी विंदांचे लघुनिबंध वाचावेत, ‘स्पर्शाची पालवी’ मिळाली तर उत्तम, नाहीतर दहाव्या पानावरच दमछाक होते. आमच्या गावात कॉलेज नाही, म्हणून ते तालुक्याच्या वाचनालयावर सोडलं.

शेवटी ‘आलोक’ची दुसरी प्रत आणि कवितासंग्रहाची आणखी एक असं ठरलं. तो “कविता कोण वाचतंय” म्हणणारा सही करताना हळूच म्हणाला, “पहिल्यांदा घरी मला द्या, मंडळी मागतेय.”